दुसऱ्याचं काम न मोडता आपलं लॉगिन: एकाच डेस्कटॉपवर अनेक सेशन चालवण्याची पद्धत

एक डेस्कटॉप आणि वापरणारे तीन-चार जण असले की तक्रारी ठरलेल्या असतात. ‘मी पत्रिका अर्धी टाईप करून ठेवली होती, कुणी बंद केली?’, ‘माझ्या मेलवरून फॉर्म कसा गेला?’, ‘मशीन आज इतकं जड का चाललंय?’ बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातल्या टायपिंग-झेरॉक्सच्या दुकानांत हे रोजचंच आहे. काउंटरवर एकाला ‘भूमी’वरून, म्हणजे कर्नाटक सरकारच्या जमीन-नोंदींच्या साइटवरून, कन्नडमधली पहाणी (इकडचा सातबारा) हवी असते, दुसऱ्याची जमीन पलीकडे महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यात म्हणून त्याला सातबारा हवा असतो, आणि तिसऱ्याच्या मुलीच्या लग्नाची मराठी पत्रिका स्क्रीनवर अर्धवट पडलेली असते.

विंडोज आणि लिनक्स (मिंट आणि उबंटू हे त्याचेच प्रकार) दोन्हींत यावर सोय आहे. पहिल्या माणसाचं सेशन, म्हणजे लॉगिन केल्यापासून त्यानं उघडलेलं सगळं, जसंच्या तसं चालू ठेवून दुसरा माणूस आपल्या खात्यानं लॉगिन करतो, त्याला वेगळा डेस्कटॉप मिळतो आणि नंतर पहिला माणूस पुन्हा आपल्या जागी येतो. सोय साधी आहे, बहुतेक जण चुकतात ते क्रमात. ‘स्विच यूजर’ म्हणजे लॉगआउट नव्हे, ही गोष्ट लक्षात राहत नाही. पडद्याआड गेलेलं सेशन जिवंत असतं. त्यातला ब्राउझर मेमरी खात असतो, त्यातली फाईल उघडीच असते आणि मशीन बंद केलं की न जपलेलं सगळं जातं. खालची प्रत्येक पायरी याच एका गोष्टीभोवती फिरते.

टर्मिनलमधल्या, म्हणजे अक्षरं टाईप करून द्यायच्या, आज्ञा मुद्दाम टाळल्या आहेत. एक अपवाद सोडला तर सगळं माऊसनं आणि दोन-चार कींनी होतं.

## पायरी १: सेशनच हवं आहे का, ते आधी ठरवा

एकाच माणसाला दोन कामं वेगळी मांडून ठेवायची असतील, तर वेगळ्या लॉगिनची गरज नाही. विंडोजमध्ये विंडोज की, कंट्रोल आणि डी एकदम दाबा, नवा रिकामा डेस्कटॉप उघडतो. विंडोज की आणि कंट्रोल धरून डाव्या-उजव्या बाणांनी या डेस्कटॉपवरून त्यावर जाता येतं. लिनक्स मिंटमध्ये हेच काम वर्कस्पेस करतात: कंट्रोल, अल्ट आणि डावा किंवा उजवा बाण. एका बाजूला हिशोब, दुसऱ्या बाजूला टायपिंग. पासवर्डची कटकट नाही आणि दुसऱ्या सेशनएवढी मेमरीही जात नाही.

केवळ कन्नड आणि मराठी असे दोन कीबोर्ड लागतात म्हणून दोन खाती करणारेही भेटतात. युनिकोड टायपिंगसाठी, म्हणजे विंडोज-लिनक्समध्येच असलेल्या कीबोर्डनं टाईप करण्यासाठी, त्याची काही गरज नाही, एकाच खात्यात दोन्ही कीबोर्ड जोडता येतात. मात्र कन्नडसाठी नुडी किंवा मराठीसाठी श्रीलिपी अशी टायपिंगची वेगळी सॉफ्टवेअर वापरत असाल तर गोष्ट वेगळी. ही सॉफ्टवेअर कीबोर्डवरची प्रत्येक की मध्येच पकडतात. दोन्ही एकाच डेस्कटॉपवर चालू राहिली की एका की-वर दोघांचाही हक्क, आणि कागदावर उमटतं भलतंच. कन्नड कामाचं एक खातं आणि मराठी डीटीपीचं दुसरं खातं करून प्रत्येकात एकच सॉफ्टवेअर सुरुवातीला चालू होईल असं ठेवलं, की हा त्रास थांबतो. एका सेशनमधलं असं सॉफ्टवेअर दुसऱ्या सेशनच्या कीबोर्डला हात लावत नाही.

वेगळं सेशन खरोखर लागतं ते माणसं वेगळी असतात तेव्हा: मेल वेगळा, सेव्ह केलेले पासवर्ड वेगळे, फाईली वेगळ्या.

सावध: दोघांनी एकाच वेळी, दोन मॉनिटर आणि दोन कीबोर्ड लावून एकाच डेस्कटॉपवर बसणं ही निराळी गोष्ट आहे. घरगुती विंडोज ते करू देत नाही. इथे जे सांगतोय त्यात सेशन अनेक असली तरी एका वेळी समोर एकच असतं.

## पायरी २: मशीनला झेपेल का ते पाहा

प्रोसेसरपेक्षा इथे रॅम महत्त्वाची. पडद्याआडचं सेशन प्रोसेसर फारसं वापरत नाही, पण मेमरी धरून बसतं.

४ जीबीच्या मशीनवर दोन सेशन उघडतात खरी, पण दोन्हींत ब्राउझर उघडा ठेवलात की माऊसचा बाणसुद्धा अडखळतो. ८ जीबीवर दोन सेशन आरामात चालतात, तिसरं उघडायचं तर आधीच्यांनी ब्राउझर मिटून जावं. रॅम वाढवायला जागा असेल तर पैसे तिथे घाला. जुनी फिरती हार्ड डिस्क काढून एसएसडी घातली तरी सेशनची अदलाबदल लक्षणीय सुधारते, कारण मेमरी कमी पडली की मशीन डिस्कचाच आधार घेतं.

विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. जी जुनी मशीन विंडोज ११ घेत नाहीत त्यांवर बरेच जण लिनक्स मिंट टाकतात. अशा मशीनवर दुसऱ्या-तिसऱ्या माणसासाठी मिंटच्या नेहमीच्या सिनॅमन डेस्कटॉपऐवजी हलका एक्सएफसीई डेस्कटॉप निवडता येतो, तो आधी इन्स्टॉल केलेला असला तर लॉगिन स्क्रीनवर नावाशेजारच्या चिन्हात दिसतो. पण एकाच खात्यानं आज सिनॅमन, उद्या एक्सएफसीई असं करू नका. दोन्हींच्या सेटिंग्जची त्या खात्यात खिचडी होते.

तपासा: नेहमीसारखं काम चालू असताना विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट, एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा, मिंटमध्ये सिस्टिम मॉनिटर. एकाच माणसाच्या कामात निम्म्याहून जास्त मेमरी गेलेली दिसली, तर दुसरं सेशन उघडण्याआधी काय काय बंद करायचं याचा नियम घरात किंवा दुकानात ठरवून घ्या.

## पायरी ३: प्रत्येकाचं खातं, आणि अ‍ॅडमिन एकच

सगळ्यांना अ‍ॅडमिन करून टाकणं ही सगळ्यात सोपी आणि सगळ्यात महागात पडणारी पद्धत. अ‍ॅडमिन खात्याला दुसऱ्याच्या फाईली उघडता येतात, सॉफ्टवेअर काढून टाकता येतं, दुसऱ्याचं सेशन मारता येतं. एकच अ‍ॅडमिन खातं ठेवा, तेही रोजच्या कामाला वापरू नका. बाकी सगळी ‘स्टँडर्ड’. दुकानाच्या मालकाचंही रोजचं खातं स्टँडर्डच असावं. इन्स्टॉलची वेळ आली की मशीन अ‍ॅडमिनचा पासवर्ड मागतं, तेवढा टाकला की झालं.

विंडोज ११ मध्ये: सेटिंग्ज, अकाउंट्स, अदर यूजर्स, अ‍ॅड अकाउंट. मायक्रोसॉफ्टचा ईमेल विचारला जातो. तो द्यायचा नसेल तर ‘या व्यक्तीची माहिती माझ्याकडे नाही’ अशा अर्थाची ओळ निवडा आणि पुढच्या पानावर ‘मायक्रोसॉफ्ट अकाउंटशिवाय यूजर’. नाव, पासवर्ड, तीन सुरक्षा प्रश्न. त्या प्रश्नांची उत्तरं कागदावर लिहून ठेवा, पासवर्ड विसरल्यावर तीच कामाला येतात.

मिंटमध्ये: मेनूतून ‘यूजर्स अँड ग्रुप्स’, अ‍ॅड, प्रकार स्टँडर्ड. इथे एक खाच आहे. खातं तयार झालं तरी पासवर्ड लागलेला नसतो. नावावर क्लिक करून पासवर्डच्या जागी ‘नो पासवर्ड सेट’ दिसतं, त्यावर पुन्हा क्लिक करून तो द्यावा लागतो.

उबंटूमध्ये: सेटिंग्ज, सिस्टिम, यूजर्स. आधी ‘अनलॉक’ दाबा, मग ‘अ‍ॅड यूजर’.

खात्यांना माणसाचं किंवा कामाचं नाव द्या. ‘यूजर१’, ‘न्यू’, ‘टेस्ट’ अशी नावं थोड्याच दिवसांत कुणाची ते कुणालाच आठवत नाहीत. नाव रोमन छोट्या अक्षरांत, मध्ये मोकळी जागा न सोडता ठेवा.

एका वापराच्या गिऱ्हाइकासाठी खातं करू नका. मिंटच्या ‘लॉगिन विंडो’ सेटिंगमध्ये गेस्ट सेशन चालू करण्याची सोय आहे. गेस्टनं लॉगआउट केलं की त्यानं उतरवलेल्या फाईली आणि ब्राउझरमधल्या खुणा आपोआप पुसल्या जातात. गिऱ्हाइकाला हे आधीच सांगा, नाहीतर सेवा सिंधूवरून (कर्नाटक सरकारच्या सेवांची साइट) उतरवलेली पावती तो शोधत परत येईल.

सावध: ऑटोमॅटिक लॉगिन बंद करा. ते चालू असलं की मशीन सुरू होताच एका खात्याचं सेशन आपोआप उघडतं. त्या खात्याचा माणूस दिवसभर आलाच नाही तरी त्याचं सेशन पाठीमागे चालूच राहतं.

## पायरी ४: पासवर्ड आणि कीबोर्डची भाषा

आपल्या भागात सगळ्यात जास्त फोन येतात ते याच गोष्टीसाठी. पासवर्ड बरोबर असतो, टाकणाराही बरोबर असतो आणि मशीन म्हणतं ‘चूक’. कारण लॉगिन स्क्रीनवर कीबोर्ड कन्नड किंवा मराठीत अडकलेला असतो. पासवर्डच्या जागी ठिपके दिसत असल्यानं आपण काय टाकतोय ते कळतही नाही.

१. सगळ्यांचे पासवर्ड रोमन अक्षरं आणि आकडे एवढ्यांतच ठेवा.

२. प्रत्येक खात्यात इंग्रजी कीबोर्ड यादीत पहिला ठेवा, मराठी आणि कन्नड त्यानंतर. विंडोजमध्ये विंडोज की आणि स्पेस दाबून भाषा बदलते.

३. विंडोजच्या लॉगिन स्क्रीनवर उजव्या बाजूला खाली भाषेचं चिन्ह असतं. पासवर्ड टाकण्याआधी तिथे नजर टाकायची सवय सगळ्यांना लावा. कंट्रोल पॅनलमधल्या ‘रीजन’च्या ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह’ पानावर ‘कॉपी सेटिंग्ज’ हे बटण आहे. सध्याच्या खात्याची कीबोर्डची मांडणी तिथून लॉगिन स्क्रीनला आणि पुढे होणाऱ्या नव्या खात्यांनाही लावता येते.

४. लिनक्सवर लॉगिन स्क्रीनच्या कोपऱ्यात भाषेची खूण दिसते, तीही तशीच पाहा.

लिनक्सवाल्यांसाठी एक फायद्याची गोष्ट. कीबोर्डच्या यादीत ‘कगप’ मांडणी कन्नडसाठी आहे तशीच मराठीसाठीही आहे. कन्नड गणक परिषदेची ही उच्चाराप्रमाणे चालणारी मांडणी. ज्याचा हात सरकारी कन्नड टायपिंगवर बसलाय, त्याला मराठीसाठी इनस्क्रिप्ट ही वेगळी मांडणी नव्यानं शिकायला नको, बोटं जवळपास त्याच जागी पडतात. ‘मराठी कगप’ निवडून बघा.

तपासा: प्रत्येक माणसाला स्वतःच्या हातानं एकदा पासवर्ड टाकून आत जाऊ द्या. ‘मी सांगतो, तू टाक’ असं नको. नवं खातं पहिल्यांदा उघडताना विंडोजला काही मिनिटं लागतात, मशीन अडकलं असं समजून बटण दाबून बंद करू नका.

## पायरी ५: सगळ्यांना लागणाऱ्या वस्तू आधी बाहेर काढा

वेगळी खाती झाली की पहिल्याच दिवशी ओरड होते: ‘पत्रिकेची फाईल दिसत नाही.’ ती दिसणारच नाही, एकाचे डॉक्युमेंट्स दुसऱ्याला न दिसणं हाच तर वेगळ्या खात्यांचा हेतू. उबंटूनं २१.०४ आवृत्तीपासून नव्या खात्यांचे होम फोल्डर इतरांना बंदच ठेवले आहेत.

विंडोज: सी ड्राइव्ह, यूजर्स, पब्लिक, त्यात पब्लिक डॉक्युमेंट्स. सामायिक फाईली इथे ठेवा आणि प्रत्येकाच्या डेस्कटॉपवर त्याचा शॉर्टकट करून द्या. फाईल तिथे नेताना कट-पेस्ट न करता कॉपी-पेस्ट करा. त्याच ड्राइव्हवर कट करून हलवलेली फाईल जुन्या मालकाच्या परवानग्या घेऊनच जाऊ शकते, मग दिसते पण उघडत नाही. कॉपी केलेली प्रत नव्या जागेचे नियम घेते.

मिंट: फाईल मॅनेजरमध्ये आपल्या ‘होम’ फोल्डरच्या एक पातळी वर जा, रिकाम्या जागी राईट क्लिक करून ‘ओपन अ‍ॅज रूट’ (अ‍ॅडमिनच्या अधिकारानं उघडणं), नवा फोल्डर करा, त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये परमिशन्स उघडून ‘अदर्स’ला फाईली तयार करण्याची आणि पुसण्याची परवानगी द्या. एकानं ठेवलेली फाईल दुसऱ्याला वाचता येईल पण बदलता येणार नाही. दुकानाच्या कामाला हे बरंच आहे. ज्याला बदल करायचा त्यानं आपल्याकडे कॉपी घ्यावी. मात्र पुसण्याची मुभा सगळ्यांना असते, तेव्हा एकुलती एक प्रत तिथे ठेवू नका.

प्रिंटर: प्रिंटर एकदा बसवला की साधारणपणे सगळ्यांना दिसतो, पण विंडोजमध्ये ‘डीफॉल्ट’ प्रिंटर खात्यागणिक वेगळा असतो. प्रत्येक खात्यात जाऊन ‘विंडोजला डीफॉल्ट ठरवू द्या’ हे बंद करा आणि स्वतः निवडा. नाहीतर एकाची प्रिंट कागदावर निघेल आणि दुसऱ्याची पीडीएफ होऊन कुठेतरी पडेल.

वायफाय: लिनक्सवर जोडणीच्या सेटिंगमध्ये ‘सगळ्या यूजरना उपलब्ध’ ही खूण आहे का ते पाहा. ती नसेल तर जोडणी ज्यानं केली त्याच्याच खात्याची राहते आणि दुसऱ्याला पुन्हा वायफायचा पासवर्ड शोधत बसावं लागतं.

पेन ड्राइव्ह: इथे विंडोज आणि लिनक्स वेगळे वागतात. विंडोजमध्ये लावलेला पेन ड्राइव्ह सगळ्या सेशनमध्ये दिसतो. लिनक्समध्ये तो ज्याच्या सेशनमध्ये उघडला त्याचाच. दुसऱ्यानं उघडू पाहिला तर परवानगी नाही म्हणून सांगतं, आणि काढायला गेलं तर अ‍ॅडमिनचा पासवर्ड मागतं. म्हणून सेशन बदलण्याआधी पेन ड्राइव्ह ‘इजेक्ट’ करा, नव्या सेशनमध्ये गेल्यावर पुन्हा लावा.

## पायरी ६: रोजची अदलाबदल

क्रम एवढाच, पण याच क्रमानं:

१. उघड्या प्रत्येक फाईलमध्ये कंट्रोल-एस.

२. सामायिक फोल्डरमधल्या फाईली बंद करा. नुसत्या सेव्ह करून भागत नाही. वर्ड काय किंवा लिब्रे ऑफिस काय, उघड्या फाईलला कुलूप लावून ठेवतं. दुसऱ्यानं ती उघडली की ‘फाईल अमुक माणसाकडे उघडी आहे’ असं सांगून फक्त वाचायला देतं. मग तो दुसऱ्या नावानं सेव्ह करतो आणि संध्याकाळी पत्रिकेच्या तीन आवृत्त्या होतात. त्यातली आजोबांचं नाव दुरुस्त केलेली कुठली, हे प्रेसला पाठवल्यावर कळतं.

३. हिशोबाचं सॉफ्टवेअर पूर्ण बंद करा. दोन सेशनमधून एकच डेटा उघडणं म्हणजे आपणहून संकट ओढवून घेणं.

४. ब्राउझरचे नको असलेले टॅब मिटवा. यूट्यूब तर नक्कीच.

५. पेन ड्राइव्ह काढा.

६. आता यूजर बदला.

विंडोजमध्ये कंट्रोल, अल्ट, डिलीट एकदम दाबा आणि ‘स्विच यूजर’. विंडोज १० आणि ११ मध्ये बाकीची बटणं इकडची तिकडे झाली आहेत, ही वाट मात्र तीच राहिली, म्हणून शिकवताना हीच शिकवावी. विंडोज की आणि एल दाबून स्क्रीन लॉक केली तरी चालतं, लॉगिन स्क्रीनवर डावीकडे खाली इतर नावं दिसतात, त्यातलं आपलं निवडायचं.

मिंटमध्ये मेनूतलं लॉगआउटचं बटण दाबा. घाबरू नका, त्यानं लगेच लॉगआउट होत नाही. छोटी खिडकी उघडते, तिच्यात ‘स्विच यूजर’ आणि ‘लॉगआउट’ ही दोन बटणं शेजारीशेजारी असतात. घाईत चुकीचं दाबलं जातं ते इथेच. वाचून दाबा.

उबंटूमध्ये उजव्या वरच्या कोपऱ्यातला मेनू, पॉवरचं चिन्ह, ‘स्विच यूजर’. मशीनवर एकच खातं असेल तर हा पर्याय दिसतच नाही. ‘माझ्याकडे ते बटणच नाही’ म्हणणाऱ्यांनी आधी दुसरं खातं तयार झालंय का ते बघावं.

परत येतानाही हीच वाट. आपलं नाव, आपला पासवर्ड, आणि आपण सोडलं होतं तिथेच सगळं उघडं असतं.

लिनक्सवरची जवळची वाट, आणि तिचा धोका. कंट्रोल आणि अल्ट धरून एफच्या कींनी सरळ एका सेशनमधून दुसऱ्यात उडी मारता येते. मिंटमध्ये पहिलं सेशन बहुधा एफ७ वर आणि दुसरं एफ८ वर असतं. उबंटूमध्ये लॉगिन स्क्रीन एफ१ वर, पहिलं सेशन एफ२ वर, पुढचं एफ३ वर. काही लॅपटॉपवर सोबत एफएन कीही धरावी लागते. वेगवान आहे हे खरं, पण या उडीत मागचं सेशन लॉक होत नाही. तुम्ही उठून चहाला गेलात आणि कुणी उलटी उडी मारली, तर पासवर्ड न विचारता तुमचा डेस्कटॉप त्याच्यासमोर उघडा. घरात ठीक, दुकानात ही वाट कुणाला दाखवूच नका. आणि वापरायचीच तर आधी स्क्रीन लॉक करून मग उडी मारा.

तपासा: पहिल्या दिवशी एक चाचणी करा. पहिल्या खात्यात एक कोरी फाईल उघडून दोन ओळी लिहा आणि सेव्ह न करता ठेवा. यूजर बदला, दुसऱ्या खात्यात ब्राउझर उघडा, परत या. दोन ओळी जागेवर असल्या तर सगळं नीट बसलंय. नसल्या तर तुम्ही स्विचऐवजी लॉगआउट केलं होतं.

## पायरी ७: आत कोण कोण आहे, ते बघणं

मशीन जड झालं की लगेच रीस्टार्ट करायला जाऊ नका. आधी बघा.

विंडोजमध्ये टास्क मॅनेजर उघडून ‘यूजर्स’ पान काढा. प्रत्येक नावापुढे त्या सेशननं किती मेमरी धरलीय ते दिसतं. पडद्याआडच्या नावापुढे ‘डिस्कनेक्टेड’ असं लिहिलेलं असतं. त्या शब्दानं फसू नका, ते सेशन चालूच आहे.

लिनक्समध्ये टर्मिनल उघडून डब्ल्यू, एच, ओ ही तीन छोटी अक्षरं टाका आणि एंटर दाबा. कोण आत आहे आणि कधीपासून, याची यादी येते. आज्ञा म्हणून सुरुवातीला सांगितलेला अपवाद तो हाच.

ज्याचं काम झालंय त्यानं स्वतः आत जाऊन लॉगआउट करावं, हा सरळ मार्ग. तो घरी निघून गेला असेल तर अ‍ॅडमिनला टास्क मॅनेजरमध्ये नावावर राईट क्लिक करून ‘साइन ऑफ’ करता येतं. पण त्याचं न जपलेलं काम त्याबरोबर जातं, म्हणून आधी फोन करा. दहावीचा, म्हणजे आपल्याकडच्या एसएसएलसीचा प्रोजेक्ट असाच गेलेल्या पोराचं तोंड पाहण्यापेक्षा एक फोन स्वस्त पडतो.

## पायरी ८: बंद करण्याचा क्रम

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, कारण बंद करणाऱ्याला फक्त स्वतःचा डेस्कटॉप दिसत असतो. तो रिकामा दिसला की मशीन रिकामं, असा त्याचा समज.

१. आधी विचारा. ‘कॉम्प्युटर बंद करूलो हं!’ अशी हाक मारली तर त्यात कमीपणा काही नाही.

२. पायरी ७ प्रमाणे यादी बघा.

३. आत असलेल्या प्रत्येकानं आपापल्या सेशनमध्ये जाऊन लॉगआउट करावं.

४. शेवटी राहिलेल्या सेशनमधून शटडाउन.

हे न करता शटडाउन दाबलंत तर विंडोज विचारतं, की दुसरं कुणीतरी हा पीसी अजून वापरत आहे, बंद केलात तर त्यांचं काम जाऊ शकतं. तरी बंद करायचं का? लिनक्सवर याच वेळी अ‍ॅडमिनचा पासवर्ड मागितला जातो. दोन्हीकडे मशीन एकच सांगत असतं: आत माणूस आहे. सवयीनं ‘हो’ दाबू नका, सवयीनं पासवर्ड टाकू नका. स्टँडर्ड खात्यांचा आणखी एक फायदा इथे दिसतो. लिनक्सवर पासवर्ड माहीत नसणाऱ्याला दुसऱ्याचं सेशन चालू असताना मशीन बंद करता येत नाही.

लाईट गेली तर: खानापूरच्या बाजूला पावसाळ्यात याची तयारी ठेवावीच लागते. यूपीएस जे काही मिनिटं देतो त्यात समोरच्या सेशनमधलं काम जपून होतं. पडद्याआडच्यांचं जपायला त्यांचे पासवर्ड लागतात, आणि ते तुमच्याकडे नसणंच योग्य. म्हणून पायरी ६ मधलं पहिलं कलम, उठण्याआधी कंट्रोल-एस, हे ऐच्छिक नाही. ऑफिसच्या सॉफ्टवेअरमधलं ऑटोसेव्हही प्रत्येक खात्यात वेगळं चालू करावं लागतं, एकाच्यात केलं म्हणून दुसऱ्याच्यात होत नाही.

अपडेटचा रीस्टार्ट: विंडोज अपडेटसाठी मशीन आपोआप रीस्टार्ट झालं की सगळीच सेशन जातात. ‘अ‍ॅक्टिव्ह अवर्स’मध्ये दुकानाची किंवा घरातल्या वापराची वेळ भरून ठेवा, त्या वेळेत ते आपणहून रीस्टार्ट होत नाही. रात्री सेशन तसंच सोडून जाणाऱ्याला हे संरक्षण मिळत नाही.

## वारंवार होणारे घोटाळे

एकाच खात्यानं दोन सेशन उघडायचा हट्ट. पासवर्ड सगळ्यांना माहीत असलेलं एक ‘दुकान’ खातं असतं आणि दोघंही त्यानंच आत जाऊ बघतात. विंडोज आणि उबंटू तुम्हाला चालू असलेल्या सेशनमध्येच नेऊन सोडतात. युक्त्या लढवून खरंच दोन सेशन उघडली तर फायरफॉक्स म्हणतो ‘मी आधीच चालू आहे’, सेटिंग्जच्या फाईली एकमेकांवर लिहिल्या जातात आणि मग दोन्ही सेशन विचित्र वागू लागतात. एक माणूस, एक खातं, एक सेशन. यात सूट नाही.

काळा पडदा आणि पांढरी अक्षरं. लिनक्सवर उडी मारताना चुकून एफ३, एफ४ दाबलं गेलं की नुसतं ‘लॉगिन’ लिहिलेला काळा पडदा येतो. काही बिघडलेलं नाही, ते अक्षरी लॉगिन आहे. कंट्रोल-अल्ट धरून मिंटमध्ये एफ७ आणि उबंटूमध्ये एफ२ दाबा, सेशन परत समोर येतं. पॉवर बटण दाबून धरू नका, तसं केलंत तर सगळ्यांचीच सेशन जातात.

यूजर बदलला आणि गाणं थांबलं. लिनक्समध्ये आवाज, मायक्रोफोन आणि कॅमेरा समोरच्या सेशनकडे सोपवले जातात. हे बरोबरच आहे, नाहीतर तुमचा व्हिडिओ कॉल चालू असताना दुसऱ्याच्या खात्यातून भजन ऐकू आलं असतं. यावर उपाय म्हणून खात्यांना ‘ऑडिओ’ ग्रुपमध्ये घालण्याचा सल्ला जिथे-तिथे मिळतो. तो मानू नका. त्यानं एक सेशन साऊंड कार्ड धरून बसतं आणि दुसऱ्याला आवाजच मिळत नाही. चालू व्हिडिओ कॉल सोडून यूजर बदलणंही टाळा.

सॉफ्टवेअर एकाच्याच खात्यात दिसतं. विंडोजमध्ये इन्स्टॉल करताना ‘फक्त माझ्यासाठी’ की ‘सगळ्यांसाठी’ असा प्रश्न काही सॉफ्टवेअर विचारतात, काही न विचारताच पहिलं धरतात. पुन्हा इन्स्टॉल करताना ‘सगळ्यांसाठी’ निवडा. मराठी-कन्नड फाँटचंही हेच. फाँटवर राईट क्लिक करून ‘सगळ्या यूजरसाठी इन्स्टॉल’ केलं नाही, तर एकाच्या खात्यात सुरेख दिसणारी पत्रिका दुसऱ्याच्या खात्यात चौकोनांची रांग होऊन छापली जाते.

‘स्विच यूजर’ विंडोजमधून गायबच झालंय. कॉलेज किंवा ऑफिसमधून आलेल्या जुन्या मशीनवर हे दिसतं. तिथल्या अ‍ॅडमिननं पॉलिसीतून ही सोय लपवलेली असते. विंडोज प्रो असेल तर ग्रुप पॉलिसी एडिटरमध्ये कॉम्प्युटर कॉन्फिगरेशन, अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्स, सिस्टिम, लॉगऑन या वाटेनं जा. फास्ट यूजर स्विचिंग लपवण्याचं कलम तिथे आहे, ते ‘नॉट कॉन्फिगर्ड’ करा आणि मशीन एकदा रीस्टार्ट करा. अर्थात, आत आणखी कोणी नाही हे बघून.